जुन्नरचा घोडा : रशियन शिकण्यातलं एक प्रकरण

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ऐन पावसाळ्यात, जुन्नरच्या असदखानाने एका परदेशी व्यापाऱ्याचा घोडा ताब्यात घेतला. व्यापारी रशियातल्या त्वेर शहराचा, नाव अफानासी निकितिन. हा माणूस मुसलमान नसून 'रुसिन' आहे हे खानाला कळलं आणि त्याने सुनावलं: आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा तुझ्याकडून वसूल. मुदत चार दिवसांची. मुदत संपायच्या आदल्या दिवशी खोरासानचा महमेत नावाचा एक मातब्बर माणूस जुन्नरला आला. निकितिनने त्याच्यापुढे डोकं टेकलं. तो गडावर खानाकडे गेला, शब्द टाकला, धर्मांतर टळलं आणि घोडाही सुटला.

मूळ मजकुरात, म्हणजे निकितिनच्या स्वतःच्या प्रवासटिपणांत, हे सगळं मोजक्या ओळींत उरकलं आहे. रशियन शिकवणाऱ्याला त्या ओळी सत्रभर पुरतात. विद्यापीठात रशियन घेतलेला विद्यार्थी एका तासाला सहा विभक्त्या घोकतो, दुसऱ्या तासाला इवान तिसऱ्यापासूनच्या सनावळ्या, आणि 'संस्कृती' नावाच्या तिसऱ्या तासाला ईस्टरला कुलिच नावाचा गोड पाव खातात एवढं टिपून घेतो. तिन्ही वह्या वेगळ्या, तिन्ही पेपर वेगळे. जुन्नरच्या प्रकरणात या वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, म्हणून एम.ए.च्या वर्गापुढे मी हेच प्रकरण ठेवतो. घटना आपल्या घरातली आहे हे कारण दुसरं, पण तेही काही कमी नाही.

हा माणूस इथवर आला कसा

निकितिन भारत शोधायला निघाला नव्हता. 'वास्को द गामाच्या आधी पाव शतक' हे वाक्य त्याच्याबद्दल इतक्यांदा लिहिलं जातं की विद्यार्थी त्याला दर्यावर्दी समजून बसतात. तो निघाला होता शिर्वानला, म्हणजे आजच्या अझरबैजानच्या मुलखात, व्होल्गा नदीतून माल घेऊन. मॉस्कोच्या इवान तिसऱ्याने शिर्वानच्या शाहाला भेट म्हणून दिलेले नव्वद ससाणे घेऊन शाहाचा वकील हसनबेग परत चालला होता. वकिलाची सोबत म्हणजे वाटेत संरक्षण, असा हिशेब. हिशेब चुकला. अस्त्रखानजवळ तातारांनी लुटलं, पुढे कॅस्पियनमध्ये वादळात एक जहाज किनाऱ्यावर फुटलं आणि त्यातली माणसं कैद झाली. मग निकितिन एक वाक्य लिहितो, ज्यावर वर्गाने थांबलंच पाहिजे: 'ज्याचं रूसमध्ये काही होतं तो रूसला गेला, आणि ज्याच्यावर देणं होतं तो डोळे नेतील तिकडे गेला.'

स्वतःबद्दल तो इथे सरळ काही सांगत नाही. पण डोळे नेतील तिकडे गेलेल्यांत तो आहे: देरबेंत, बाकू, इराण, होर्मुझ. होर्मुझहून घोडे वाहणाऱ्या गलबतातून तो सहा आठवड्यांनी चौलला उतरतो. सोबत एक घोडा, बहुतेक त्याची सगळी पुंजी. जुन्नरला खानाने जे धरलं ते जनावर नव्हतं, कर्जबाजारी माणसाचा परतीचा रस्ता होता. हे न कळता प्रकरण वाचलं तर ती नुसती धर्माची गोष्ट वाटते.

घोड्याच्या किमतीचं वाक्य आजच्या रशियनवर पोसलेल्या विद्यार्थ्याला अडवतं: 'स्ताल मी स्तो रुब्ल्योव'. 'स्ताल' म्हणजे 'झाला' हे त्याला ठाऊक असतं आणि तिथेच तो फसतो. यातला 'मी' म्हणजे 'मला', जुन्या रशियनमधलं चतुर्थीचं आखूड रूप, जे आजच्या भाषेतून गेलं आहे. मराठी विद्यार्थ्याला एकदा एवढं सांगितलं की तो कोश मिटून ठेवतो: 'मला शंभर रुबलला पडला.' जुनं रशियन आपल्याला जड जाईल अशी भीती घालणाऱ्यांनी हे वाक्य आधी दाखवावं.

कागद

निकितिनच्या हातची वही उरलेली नाही. परतताना स्मोलेन्स्कला पोचायच्या आधीच तो वारला. व्यापाऱ्यांनी त्याची टिपणं मॉस्कोला आणून महाराजकुमाराच्या, म्हणजे मॉस्कोच्या राजाच्या, दरबारातला कारभारी वासिली मामिरेव याच्याकडे दिली. बखरकाराने ती जगाच्या उत्पत्तीपासून मोजलेल्या ६९८३ सालाखाली नोंदवली. तेव्हाचं रशियन वर्ष १ सप्टेंबरला सुरू होई, त्यामुळे ते साल आपल्या १४७४–७५मध्ये येतं. पुढे हा मजकूर काही नकलांमधून टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करामझिनला त्यातली एक नक्कल त्रोइत्से-सेर्गियेव मठाच्या संग्रहात सापडली आणि मग कुठे विद्वानांचं लक्ष गेलं. १८५७मध्ये लंडनच्या हॅकलूट सोसायटीने इंग्रजी भाषांतर छापलं, आणि आपल्याकडच्या इतिहासलेखकांनी बराच काळ त्यावरच काम भागवलं. रशियन येणाऱ्याने तसं भागवायचं कारण नाही. १९४८ची आणि त्यानंतरच्या सुधारित आवृत्त्यांची टीपांसह छपाई उपलब्ध आहे.

नकलांबद्दल एवढंच लक्षात ठेवायचं की त्या काळी रशियन आकडेही अक्षरांनीच लिहीत. 'इ' उच्चाराची दोन अक्षरं होती, एकाची किंमत आठ, दुसऱ्याची दहा. नक्कल करणाऱ्याचा हात कुठे घसरू शकतो ते उघड आहे.

दरबार कोणाचा

आता मुख्य परिच्छेद. तो पहिल्यांदा वाचताना सगळे एका जागी अडखळतात. निकितिन महमेतला विनवतो ते क्रियापद आजच्या रशियनमध्ये 'दुःखी होणे' या अर्थाचं आहे. म्हणून भाषांतर येतं, 'त्याने माझ्यासाठी दुःखी व्हावं.' व्याकरणाने बरोबर, अर्थाने शून्य. मध्ययुगीन रशियात 'पेचालोवानिये' ही रूढ चाल होती. महाराजकुमाराची खप्पामर्जी झालेल्या माणसासाठी एखाद्या धर्मगुरूने किंवा वजनदार सरदाराने मध्ये पडायचं. मराठीत याला रदबदली म्हणतात आणि पेशवाईचे कागद वाचलेल्या कुणालाही ती ओळखीची आहे. 'डोकं टेकलं' हेही तसंच. अर्जदाराने कपाळ जमिनीला लावायचं ही मॉस्कोची दरबारी रीत, तिच्यावरूनच पुढे तिथल्या अर्जाला नाव पडलं.

म्हणजे निकितिन जुन्नरचा दरबार मॉस्को-त्वेरच्या चष्म्यातून लिहितो आहे. असदखानाला तो 'मेलिक्तुचारचा खोलोप' म्हणतो. मेलिक्तुचार म्हणजे मलिक-उत-तुज्जार, बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान. 'खोलोप' म्हणजे कोशात गुलाम, बंदा. पण जुन्नरचा कारभार पाहणारा, पालखीतून मिरवणारा हा सरदार गुलाम कसा? तर मॉस्कोच्या राज्यातले थोर थोर बोयार, म्हणजे बडे सरदारही, अर्जात स्वतःला राजाचा खोलोप म्हणवत गेले. शब्द दास्याचा असला तरी इथे तो चाकरीचं नातं सांगतो. बहमनी सरदारांना तो बोयारच म्हणतो, आणि त्याच शब्दांत दख्खनचं ते वाक्य लिहितो जे इतिहासाच्या पुस्तकांत हटकून येतं: देश माणसांनी गजबजलेला, खेड्यातले लोक अगदी उघडे, आणि बोयार फार बलाढ्य नि थाटामाटाचे. हे वाक्य उद्धृत करणाऱ्या बहुतेकांनी ते इंग्रजीतून घेतलेलं असतं आणि त्यात बोयारांचे 'नोबल्स' झालेले असतात. त्वेरचा माणूस स्वतःच्या घरच्या बड्या लोकांकडे कोणत्या नजरेने बघत होता, हा त्यातला अर्धा अर्थ मग गळून जातो. त्याच्या घरच्यांबद्दलचं मत पुढे येणारच आहे.

तारीख

सुटका झाली ती 'स्पासच्या दिवशीचा देवाचा चमत्कार' म्हणून. स्पास म्हणजे तारणहार येशू. त्याचा हा सण येतो मरियेच्या स्वर्गारोहणाआधीच्या उपासात, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे १ ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. स्पासचा दिवस बहुतेक ६ ऑगस्ट धरतात. पंधराव्या शतकात जुन्या आणि नव्या पंचांगात नऊ दिवसांचा फरक, म्हणजे आपल्या हिशेबाने १५ ऑगस्ट. जुन्नरमध्ये तेव्हा काय हवा असते ते सांगायला नको.

साल मात्र भांडणाचं आहे. जुना समज असा की निकितिन १४६९मध्ये चौलला उतरला. सोव्हिएत अभ्यासक सेम्योनोव याने हा प्रवास पुढे ढकलून आगमन १४७१वर आणलं. भांडण सुटत नाही कारण निकितिनचीच कालगणना हळूहळू ढिली होत जाते. धर्माची पुस्तकं अस्त्रखानला लुटीत गेली, त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, हे तो अंदाजाने ठरवतो आणि मुसलमानांच्या रोज्यांबरोबर स्वतःचा उपास धरतो. सणांच्या नोंदी तो हिजरी आणि रशियन अशा दोन्ही पंचांगांनी करतो, पण त्या दोन्ही जुळवून साल काढायला बसलं की कुठेतरी सांधा निखळतोच. दुसरा धागा राजकीय आहे. मेलिक्तुचारने समुद्रावर लूटमार करणारी दोन 'भारतीय शहरं' घेतली असं तो लिहितो. हा महमूद गावानच्या कोकण मोहिमेचा, खेळणा म्हणजे विशाळगड आणि गोवा यांच्याशी जोडला जाणारा काळ. गोवा बहमनींकडे गेला १४७२मध्ये. रशियन बखर, हिजरी पंचांग आणि कोकणचा इतिहास अशा तीन कागदांवर एकाच वेळी बोट ठेवून वाचायची सवय लागते ती इथेच. मला स्वतःला सेम्योनोवची बाजू जास्त पटते.

तो बाटला का?

वर्ग पेटतो तो इथे. सुटल्यावर निकितिन मायदेशीच्या भावांना बजावतो: ज्याला भारतात यायचं असेल त्याने आपली श्रद्धा रूसमध्येच ठेवावी, महमेतचं नाव घ्यावं आणि मग इकडे यावं. हा कडवट उपहास, की व्यवहारी सल्ला, की कबुली?

तिन्ही वाचनांना मजकुरात आधार आहे. भारतात तो 'खोजा इसुफ खोरासानी' या नावाने वावरत होता. सोडवणारा महमेतही खोरासानीच, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. 'ज्याचं नाव लावून फिरतोस त्यांच्यापैकी एकाने तुला ओळख दाखवली' असा तो मामला असावा. खानाचा राग नक्की कशावर होता, यावरही नजर ठेवली पाहिजे. मजकूर सांगतो की घोडा घेतला तो हा माणूस मुसलमान नाही हे कळल्यावर. खोटी ओळख सांगून व्यापार करणारा परका, त्यात चढ्या किमतीचा घोडा. हनफी या इस्लामी कायदा-परंपरेच्या ग्रंथांत मुसलमान व्यापाऱ्याला मालाचा चाळिसावा हिस्सा जकात, राज्यातल्या बिगरमुसलमानाला विसावा, परमुलखातल्याला दहावा. ओळखीला किंमत होती, आणि ती पैशांत मोजली जात होती.

पुढे बीदरला गेल्यावर त्याची पुष्कळ हिंदूंशी ओळख झाली. त्यांना मात्र त्याने खरं सांगितलं: मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, नाव अफानासी, मुसलमानी नाव खोजा इसुफ. त्यानंतर त्यांनी खाणं, व्यापार, पूजा, काहीच त्याच्यापासून लपवलं नाही. त्यांच्यात चौऱ्याऐंशी धर्म आहेत आणि एक धर्म दुसऱ्याबरोबर ना पितो, ना जेवतो, ना सोयरीक करतो, हे त्याने तिथे नोंदवलं. जातीला 'वेरा', म्हणजे धर्म, हाच शब्द त्याच्या हाताशी होता.

अमेरिकी अभ्यासक गेल लेनहॉफ यांनी १९७९मध्ये मत मांडलं की निकितिन खरोखरच इस्लामकडे गेला. मजकुराच्या शेवटी अरबी-फारसी प्रार्थनेत अल्लाची नावं ओळीने येतात, येशूचा उल्लेखही 'इसा रूहुल्ला' असा मुसलमानी रीतीने येतो. १९८६च्या रशियन आवृत्तीचे संपादक याकोव लुरिए यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते धर्मांतर झालंच नाही, झाली ती श्रद्धेची एक वेगळीच, एकेश्वरवादी घडण. दोघेही एकाच ओळीवर येऊन थांबतात. आधी फारसीत आणि मग रशियनमध्ये निकितिन म्हणतो की खरा धर्म कोणता ते देव जाणे. आणि खरा धर्म म्हणजे एका देवाला ओळखणं, स्वच्छ जागी स्वच्छ मनाने त्याचं नाव घेणं. पंधराव्या शतकातल्या ऑर्थोडॉक्स धर्मपीठाने याला काय म्हटलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

मायदेशाबद्दलचं मतही त्याने असंच परक्या भाषेत ठेवलं. तुर्की शब्दांत तो प्रार्थना करतो: देव रूसची भूमी राखो, जगात तिच्यासारखी भूमी नाही, जरी तिथल्या बेगांच्या, म्हणजे सरदारांच्या, ठायी न्याय नाही. रशियन लिपीत लिहिलेलं तुर्की, म्हणजे ज्याला कळायला नको त्याला न कळेल असं. भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कोयने १९२६मध्ये हा मजकूर साहित्यकृती म्हणून वाचला तेव्हा या परक्या भाषेतल्या तुकड्यांकडे लक्ष वेधलं. त्याआधी बरेच जण त्यांना अडगळ समजत आले होते.

सोव्हिएत काळात देशप्रेमाचा तुकडा जोरात उद्धृत झाला. बेगांचं शेपूट कधी जोडलेलं असे, कधी नसे.

मॉस्कोच्या टीपांत नसलेलं

रशियात फिलॉलॉजीचे, म्हणजे भाषा-साहित्याचे, विद्यार्थी हा मजकूर बहुधा पहिल्या वर्षी, 'प्राचीन रशियन साहित्य' या विषयात वाचतात. टीपा उत्तम असतात. तरी काही जागा अशा आहेत जिथे जुन्नर-नारायणगावकडचा पोरगा त्या टीपांच्या पुढे जातो.

निकितिन म्हणतो की इथे 'हिवाळा' त्रोइत्सा या सणापासून, म्हणजे मे-जूनपासून, सुरू झाला आणि चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. रशियन वाचकाला इथे मान्सून समजावून द्यावा लागतो. पुढच्या वाक्यात मात्र समजावून देण्याची पाळी आपली येते. त्याच दिवसांत लोक नांगरतात आणि गहू, तांदूळ, हरभरा नि इतर सगळं खाण्याचं पेरतात, असं तो लिहितो. शेतकऱ्याच्या घरचं कुणी वर्गात असेल तर लगेच हरकत येते: भात ठीक, पण गहू-हरभरा पावसाळ्यात? ते तर रब्बीचं. मग पुढचे प्रश्न आपोआप निघतात. त्याने वर्षभराची शेती एका वाक्यात गुंडाळली का? की 'नोगुत', म्हणजे हरभरा, हा शब्द त्याने तूर-मुगासारख्या भलत्याच कडधान्याला लावला? दोन्ही शक्य आहे, आणि हा प्रश्न छापील टीपेतून आलेला नाही. घोड्यांना मात्र तोच नोगुत चारतात आणि साखर-तूप घालून 'किचिरी' शिजवून देतात, असंही तो लिहितो. पंधराव्या शतकातल्या रशियन गद्यात आपली खिचडी ही अशी, घोड्याच्या तोबऱ्यातून आली आहे.

शहराबद्दल तो म्हणतो: दगडी बेटावर वसलेलं, कुणी न बांधलेलं, देवाने घडवलेलं, वर चढायला दिवस लागतो, वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. शिवनेरी चढलेल्याला 'दिवस लागतो' हे पटत नाही. मग हा खालच्या वस्तीपासूनचा हिशेब, की ऐकीव माहिती, की सामान चढवायला लागणारा वेळ? चौलहून पालीपर्यंत आठ दिवस, हाही असाच आकडा. सुधागडाजवळची पाली धरली तर अंतराच्या मानाने ते फार झाले. इथे आकड्यांची अक्षरं आठवायची. खरंच आठ होते, की नक्कल करणाऱ्याचा हात घसरला, की वाटेत पावसाने आणि जकातनाक्यांनी अडवलं?

उत्तरपत्रिका

सत्राच्या शेवटी प्रश्न एकच असतो: असदखानाने घोडा का घेतला आणि का सोडला? उत्तर रशियनमध्ये लिहायचं, मूळ परिच्छेदातल्या किमान तीन वाक्यांचं व्याकरणासह विवरण द्यायचं. 'धार्मिक छळ' एवढं लिहून थांबणाऱ्याला पास करतो, पुढे नेत नाही. जकात, ओळख, मुदतीचे चार दिवस, रदबदलीची रीत आणि कर्ज, यांतलं निदान अर्धं जोडून दाखवणाऱ्याला चांगले गुण. 'पेचालोवानिये'चं भाषांतर दुःख असं करणाऱ्याचे गुण कापले जातात, मग बाकीचा निबंध कितीही देखणा असो.

उत्तम उत्तरात घोड्याचं पुढे काय झालं तेही येतं. सुटका झाल्यावर निकितिन मरियेच्या सणाच्या दिवशी जुन्नरहून बीदरला निघाला आणि अखेर घोडा तिथे विकला. वर्षभर पोसायला अडुसष्ट फुतून नाणी खर्च आला, असं त्याने मांडून ठेवलं आहे. विकला कितीला, ते लिहिलेलं नाही. मात्र भारताबद्दलची त्याची तक्रार आहे: खूप माल मिळेल म्हणून मुसलमानांनी सांगितलं होतं, पण आमच्या देशाच्या कामाचं इथे काहीच नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त. त्या कुत्र्यांनी मला फसवलं, अशी शिवीही त्याने त्यांना हासडली आहे. तोटा झाला असं तो कबूल करत नाही. विद्यार्थ्याने तो मजकुरातून काढून दाखवायचा असतो.